मुकं केलेलं चित्र

१ सप्टेंबर २०२३, शुक्रवार. लातूर

आले एकदाची! नांदेडहून सकाळची सातची बस, अहमदपूरला चहा, आणि अकराच्या सुमारास लातूर. शेजारच्या सीटवरच्या काकूंनी लोहा यायच्या आत माझं नाव, गाव, शिक्षण आणि लग्नाचं काय ते सगळं काढून घेतलं. मराठीत एम.ए. केलं म्हटल्यावर मात्र त्यांनी माझं नाव पुन्हा एकदा विचारलं. मुसलमानाची पोर आणि मराठीत एम.ए., हे गणित पुष्कळांना एका दमात सुटत नाही.

जिक्रा क्लास बुडवून स्टँडवर घ्यायला आली होती. मी रागावले, पण आपा, म्हणजे ताई, अशी हाक मारत ती बिलगली तेव्हा मनातून बरं वाटलं. माझी ही धाकटी बहीण बारावीला आहे, नीटची तयारी करते आहे, आणि गेलं वर्षभर इथे एकटी आहे. मे महिन्यात ती फोनवर इतकी रडली की अब्बूंनी निर्वाणीचं सांगितलं : एक तर परत ये, नाहीतर घरातलं कोणीतरी तुझ्याजवळ राहील. ते कोणीतरी म्हणजे मी. घरात डॉक्टर होणार तर तीच होणार, आणि त्यासाठी मी लातूर काय, लंकेलाही जाऊन राहीन.

हॉस्टेल ट्यूशन एरियात आहे. इथे देवांपेक्षा पास झालेल्या पोरांचे फोटो जास्त लागतात. खांब मोकळा दिसला की त्यावर एक हसरा टॉपर. आमची खोली सात नंबरची, दोन खाटा, एक खिडकी. शरणम्मा मावशी निलंग्याकडच्या. त्याच स्वयंपाक करतात, त्याच रेक्टर, आणि रोज संध्याकाळी सात वाजता वही घेऊन त्याच हाजेरी घेतात. पहिल्याच दिवशी त्यांनी मला दम दिला की, ‘हितं हाजेरीला तोंडानं हाय म्हणायचं, मुंडी हलवायची न्हाई.’ जिक्रा खाली मान घालून हसत होती.

४ सप्टेंबर, सोमवार

मला काम मिळालंय त्या संस्थेचं ऑफिस गंजगोलाईच्या बाजाराजवळ एका कापडदुकानाच्या वर आहे. औशाचे किशनराव म्हणून एक फोटोग्राफर होते. त्र्याण्णवच्या भूकंपानंतर ते महिनाभर गावोगाव कॅमेरा घेऊन फिरले. ते वारल्यावर मुलीने फोटोंच्या पेट्या संस्थेला दिल्या. चारशे बारा फोटो. तीस तारखेला भूकंपाला तीस वर्षं होतात, त्या दिवशी ते सगळे वेबसाइटवर लागणार.

माझं काम फार गोड आहे. ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी प्रत्येक फोटोत काय आहे ते लिहायचं. हे लिखाण पडद्यावर दिसत नाही. आंधळ्या माणसाचा कॉम्प्युटर पान मोठ्याने वाचतो, तेव्हा फोटोच्या जागी तो माझं वाक्य वाचतो. तपासायला मुज्तबाभाई आहेत, उदगीरचे, जन्मापासून अंध. त्यांचा कॉम्प्युटर बाईच्या आवाजात बोलतो, म्हणून ते त्याला नुसतं ‘बाई’ म्हणतात. बाई आज लवकर दमली, बाईला जोडाक्षर जमंना, असं त्यांचं चाललेलं असतं.

आमचे प्रमुख आप्पासाहेब, निवृत्त हेडमास्तर. त्यांनी नियम सांगितले. दिसतं तेवढंच लिहायचं, अंदाज नको. पुराव्याशिवाय कोणाचं नाव नको. आणि सव्वाशे अक्षरांच्या पुढे जायचं नाही. त्यातली गंमत अशी की मशीन काना, मात्रा, वेलांटी, मधली मोकळी जागासुद्धा अक्षर म्हणूनच मोजतं. ‘जिक्रा’ म्हणायला आपल्याला दोन अक्षरं लागतात, त्याला सहा! मराठीवर हा शुद्ध अन्याय आहे. नक्षी, किनार, ज्यात सांगण्यासारखं काही नाही अशा चित्रांपुढे ‘सजावटी’ अशा चौकोनात खूण करायची, की बाई तिथे न थांबता पुढे जाते. ऑफिसात याला चित्र मुकं करणं म्हणतात.

६ सप्टेंबर, बुधवार

अडतीस नंबरचा फोटो. पत्र्याच्या शेडपुढे धान्यासाठी रांग, एका म्हातारीच्या हातात परात. डाव्या कडेला एक मुलगी उभी आहे. परकर, अनवाणी पाय, वेणीला पांढरी रिबीन. फोटो काढताना ती हलली असावी, तोंडाच्या जागी नुसता पुसट डाग आहे. मी तिच्यासकट लिहिलं तर अक्षरं एकशे साठ झाली. आप्पासाहेबांनी चष्मा वर करून बघितलं आणि म्हणाले, ‘कडंची पोरगी हाय नं, सोडून द्या तिला. अक्षरं वाढून राहिली.’ सोडली. वाक्य सुटसुटीत झालं.

९ सप्टेंबर, शनिवार

एकसष्टमध्ये तीच मुलगी. गाव दुसरं, माणसं दुसरी. कोसळलेल्या माळवदाची लाकडं जवान उचलताहेत आणि ही डावीकडे उभी. किशनरावांच्या मागेमागे फिरत असेल एखादी अनाथ पोर. वाईट वाटलं, पण जवानांनाच सव्वाशे अक्षरं पुरेनात. पुन्हा सोडली.

मुज्तबाभाईंना सहज सांगितलं. ते हसून म्हणाले की तुम्ही डोळेवाले कायकाय सोडता ते मला काय कळणार, ‘बाई जे बोलत न्हाई ते माझ्यासाठी हायच न्हाई.’

संध्याकाळी हाजेरीत शरणम्मांनी माझं नाव घेतलं आणि थेट आठ नंबरच्या खोलीवर गेल्या. जिक्रा ओरडली, मी हाय की! सगळ्या पोरी हसल्या. मावशीपण हसल्या.

१३ सप्टेंबर, बुधवार

या तीन दिवसांत सात फोटोंत ती मुलगी निघाली. दर वेळी थोडी आत सरकलेली. आज एकशे वीसमध्ये ती रांगेतल्या माणसांच्या बरोबरीने उभी होती. मी तिला सगळीकडून वगळते आहे आणि मला ते आवडत नाही. का वगळते? आता मधेच लिहिलं तर आधीच्या फोटोंत का नाही, असं कोणी विचारील. चूक झाकायला आणखी चुका, दुसरं काय.

जिक्राचा आठवड्याच्या टेस्टचा निकाल लागला, त्यात तिचा नंबरच नाही. क्लासवाले म्हणाले पेपर मिळाला नाही, परत दे. जेवताना मावशींनी आमच्या खोलीचं एकच ताट वाढलं. जिक्रा म्हणाली, आपा, मी उपवास धरलाय असं यांना कोणी सांगितलं? तिने ते थट्टेत म्हटलं, पण दुसरं ताट तिने स्वतःच वाढून घेतलं.

१७ सप्टेंबर, रविवार

मुक्तिदिनाची सुट्टी. जिक्राला जरा बरं वाटावं म्हणून गोलाईत बांगड्या घ्यायला गेलो. कासारणीने माझ्या हाताचं माप घेतलं, आणि जिक्राने हात पुढे केला तेव्हा ती दुकान आवरायला लागली. रिक्षावाला म्हणाला, ‘एकट्याच हाव का ताई?’ जिक्रा माझ्या शेजारी बसली होती. तिची ओढणी माझ्या मांडीवर होती.

मला भीती वाटते आहे, हे इथे लिहून टाकते.

२० सप्टेंबर, बुधवार

तारखा लावून बघितल्या. दर वेळी मी त्या मुलीला फोटोतून वगळलं, की त्या दिवशी नाहीतर पुढच्या दोन-चार दिवसांत जिक्राला कोणीतरी कुठूनतरी वगळलं. एकदाही चुकलेलं नाही.

म्हणून आज एकशे ऐंशीमध्ये मी तिला लिहिलं. परकर, रिबीन, सगळं. आप्पासाहेब म्हणाले, कोणती पोरगी? मी बोट ठेवलं. त्यांनी माझ्या बोटाकडे बघितलं, मग माझ्याकडे. त्यांना तिथे भिंतीचा तुकडा दिसत होता. पंधरा दिवसांपूर्वी यांनीच तिला कडेची पोरगी म्हटलं होतं! म्हणाले, दगडविटा बघून बघून माणसाला होतं असं, दोन दिवस रजा घ्या. आणि वाक्य खोडून टाकलं.

२२ सप्टेंबर, शुक्रवार

माझ्या हातून फार वाईट गोष्ट झाली आहे.

फोटो दोनशे सहासष्ट. त्यात दुसरं कोणी नाही. दगडांचा ढीग आणि मधोमध ती, पाठमोरी. आता कडेला नाही. मी लिहायला घेतलं आणि थांबले, कारण वेणी जरा वळल्यासारखी वाटली. मान फिरवायच्या आधी वळते तशी. मागून आप्पासाहेब म्हणाले, ‘नुसते दगडं हायेत, मुकं करा अन् व्हा पुढं. आठ दिवस राहिले.’ मला तिचं तोंड बघायचं नव्हतं. मी चौकोनात खूण केली. फोटो पुढे गेला. खरं सांगते, सुटल्यासारखं वाटलं.

संध्याकाळी हाजेरी. सहा नंबर. सात नंबर, हुमा. आठ नंबर. जिक्रा ओरडली. परत ओरडली. कोणी हसलं नाही, कोणी वळलं नाही. मी वही हिसकावून घेतली. माझ्या नावाखाली थेट आठ नंबरच्या पोरी. खाडाखोड नाही, मोकळी ओळ नाही. मावशी समजुतीने म्हणाल्या, ‘सात नंबरात एकच पोरगी हाय नं बाई, तुमी.’ जिक्रा त्यांच्यासमोर उभी राहून त्यांचा पदर ओढत होती.

२३ सप्टेंबर, शनिवार

अम्मीला फोन लावला, जिक्राच्या कानाला दिला. ती अम्मी, अम्मी करत राहिली. अम्मी म्हणाली, आवाज नहीं आ रहा, हुमा. मी फोन घेतला आणि विचारलं, जिक्राशी बोलतेस ना? अम्मी म्हणाली, कौन जिक्रा, बेटा?

जिक्राने ते ऐकलं. ती भिंतीला टेकून खाली बसली. तिला धरून बसले. ती गरम आहे, श्वास घेते आहे, माझा दुपट्टा भिजवते आहे. ती आहे.

२५ सप्टेंबर, सोमवार

मुकं मीच केलं, बोलकंही मीच करीन. ऑफिस उघडायच्या आधी जाऊन बसले. दोनशे सहासष्ट उघडला.

ती वळली आहे. परकर नाही, रिबीन नाही. आमच्या जिक्राचा निळा कुर्ता, आमच्या जिक्राचा चष्मा. तीस वर्षांपूर्वीच्या दगडांवर माझी बहीण उभी आहे आणि माझ्याकडे बघते आहे. पाय अनवाणी. इतर फोटो भराभर चाळले. कडेची मुलगी आता कुठल्याच फोटोत नाही. तिने आपली जागा जिक्राला दिली आणि निघून गेली.

खूण काढली. चौकटीत लिहिलं :

‘दगडांच्या ढिगाऱ्यावर एक मुलगी उभी आहे. वय सुमारे सतरा. निळा कुर्ता, एक वेणी, चष्मा. पाय अनवाणी. ती कॅमेऱ्याकडे पाहते आहे.’

चार अक्षरं उरली. मुज्तबाभाईंनी ऐकलं, म्हणाले बाई बोलली, स्वच्छ बोलली. आप्पासाहेबांनी फोटो बघितला आणि म्हणाले, अरे, ही पोरगी नजरेतून सुटलीच कशी? मंजूर केलं. मी जिन्यात बसून रडले.

संध्याकाळी मावशींनी दोन ताटं वाढली.

२६ सप्टेंबर, मंगळवार

मी काय लिहून बसले.

मावशींना ती दिसते. पण ही नवी पोरगी कोण, असं त्या मला विचारत होत्या. नाव विचारलं तर सांगत नाही म्हणाल्या. नाव सांगणार कुठून? मी ते लिहिलं नाही. नियम. सवय. तीन आठवडे लोकांना सव्वाशे अक्षरांत कोंबते आहे, बहिणीलाही कोंबलं. दिसतं तेवढंच लिहिलं.

तेवढंच उरलं आहे. ती सकाळपासून खोलीच्या मधोमध उभी आहे. निळा कुर्ता बदलत नाही. चपला सापडत नाहीत. बघते — नुसती बघते. हसणं लिहिलं नव्हतं. बोलणं लिहिलं नव्हतं. आपा म्हणणं लिहिलं नव्हतं.

तिच्या पायाखाली फरशीवर मातीचे बारीक खडे आहेत. झाडले. पुन्हा आले.

२७ सप्टेंबर, बुधवार

‘एक मुलगी’ खोडून ‘जिक्रा’ लिहिलं. दोन अक्षरं वाचलीसुद्धा. आप्पासाहेबांनी परत पाठवलं. पुराव्याशिवाय नाव नको. मी तिचं आधार कार्ड नेऊन टेबलावर ठेवलं. त्यांनी जन्मतारीख वाचली. दोन हजार सहा. फोटो त्र्याण्णवचा. ते ओरडले नाहीत, ते ओरडले असते तर बरं झालं असतं. पाणी दिलं, नांदेडचा नंबर मागितला. ‘त्या पोरीचं आता कुणी असंल नसंल, तिला उगं दुसऱ्याचं नाव कशाला देता?’

मुज्तबाभाईंचे पाय धरले. ते म्हणाले की मंजुरी माझ्या हातात असती तर — मी फक्त ऐकतो, हुमाबी.

२८ सप्टेंबर, गुरुवार

बाहेर विसर्जनाचे ढोल. सुट्टी, तरी कामाला आलो सगळे. दुपारी तीनला ‘दगडांच्या ढिगाऱ्यावर’ काढून टाकलं. फक्त तेवढंच. धावत खोलीवर.

ती बसली होती. खाटेवर! पाय स्वच्छ. भाकरीचा तुकडा तिच्या तोंडात दिला, तिने चावला. तिने माझा हात धरला. दाबला. मी मोजत होते, तीन घास, चार, पाच —

पाचव्या घासाला उठली. मधोमध जाऊन उभी राहिली. तोंडातला घास तसाच.

आप्पासाहेबांचा मेसेज : भूकंपाच्या फोटोत दगड नाहीत, असं कसं चालेल? मी परत टाकले आहेत.

२९ सप्टेंबर, शुक्रवार

पाच वाजता सगळं बंद होणार. मग कोणालाच बदलता येणार नाही.

चार अक्षरं उरलीत. चारांत काय बसतं? ‘आपा’ बसतं. आ, प, काना. तीन. लिहिलं. परत आलं — अर्थ लागत नाही म्हणून.

पाच वाजले.

खडे घोट्यापर्यंत आले आहेत. मी ओंजळीने काढते आहे.

३० सप्टेंबर, शनिवार

सकाळी साइट उघडली. हार, दोन मिनिटं शांतता. मुज्तबाभाईंनी बाईचा आवाज मोठा केला, हॉलभर. दोनशे सहासष्टला लोकांनी डोळे पुसले. कोणीतरी म्हणालं, बिचारी, कोण होती कोण जाणे.

धावत आले.

इथे सव्वाशेचा नियम नाही. या वहीत सगळं लिहीन, सगळं, कोणी खोडणार नाही. जिक्रा. माझी बहीण. नांदेडला देगलूर नाक्याच्या घरात जन्मली, पाऊस होता — की नव्हता? पावसाचं अम्मी सांगायची. उजव्या भुवईत खोक. सायकलवरून पडली तेव्हाची. सायकल की झोका. हसताना ती तोंडावर — हात ठेवायची? ओढणी? लहानपणी मला काय म्हणायची, काहीतरी म्हणायची, दोन अक्षरी —

मागची पानं उलटली. एक नाव पुन्हा पुन्हा लिहिलेलं आहे. अक्षर माझंच आहे. नाव वाचता येतं. कोणाचं ते —

खडे खाटेपर्यंत. तिच्या गुडघ्यापर्यंत. ती बघते आहे माझ्याकडे. लिही, लिही, थांबू नको. माझी. ती माझी. माझी कोण —

खोलीत एक मुलगी उभी आहे. वय सुमारे सतरा. निळा कुर्ता, चष्मा. ती रडते आहे. ती मला काहीतरी म्हणते आहे, तोंड हलतं आहे, पण आवाज —